टकटक करून थांबायचं असतं

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. खजिन्याची नव्हे हं, अंथरुणांची. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहायला येणारी निम्मी मुलं तरी "यात सोनं होतं का?" म्हणून विचारतात आणि नाही म्हटलं की तोंडं पाडतात. घरातल्या रजया, उशा आणि चादरी सकाळी माझ्या पोटात जायच्या आणि रात्री बाहेर यायच्या. एवढंच माझं काम. पण या साध्या पोटात एकदा एक जीव जाता जाता वाचला, आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली. मला ती दुसरी वेळ सांगायची आहे. पण पहिली ऐकल्याशिवाय दुसरी कळायची नाही, तेव्हा जरा धीर धरा.

मला एका सुतारानं घडवलं. तोंडानं फटकळ, पण हाताला भारी सफाई. फळ्या जाड, सांधे असे की नख शिरायचं नाही. झाकणाला त्यानं एक खटका बसवला. झाकण पडलं की खटका आपोआप बसायचा, आणि बाहेरचं पितळी बटण दाबल्याशिवाय सुटायचा नाही. "यात मुंगी शिरली तर माझं नाव बदला," तो म्हणाला. घराचा मालक पत्र्याचं काम करायचा. डबे, नळकांडी, पन्हळी, काय वाटेल ते बनवायचा. तो कशाला मागं राहतोय? उंदीर लागू नयेत म्हणून त्यानं मला आतून पत्रा मारला आणि सगळ्या सांध्यांना कथील ओतून डाग दिला. मग दोघं माझ्याच झाकणावर कप ठेवून चहा प्यायले आणि माझ्याकडं कौतुकानं बघत बसले. मुंगी जाणार नाही तिथं हवा तरी कशी जाणार, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

घर लहान होतं. खाली कामाची खोली, मागं अंगण, अंगणात विहीर. वर ही झोपायची खोली. एका भिंतीला पलंग, आणि समोर अंगणाकडच्या खिडकीखाली मी. घरात दोन मुलं, थोरली अक्का आणि तिच्या पाठचा धाकटा. धाकट्याला सगळे धाकटाच म्हणायचे. याच धाकट्याला पुढं सारा देश 'थोरले' म्हणू लागला, पण तेव्हा त्याला स्वतःचं नाकसुद्धा पुसता यायचं नाही. माझ्या झाकणाला पुसायचा, लबाड!

एका दुपारी दोघं लपाछपी खेळत होते. अक्कावर राज्य होतं. धाकट्यानं माझ्यातल्या रजया काढून पलंगाखाली कोंबल्या, आत शिरला आणि झाकण ओढून घेतलं. खटका बसला. पहिल्यांदा तो आतल्या आत हसत होता. मग त्याला गरम व्हायला लागलं. मग त्यानं झाकण ढकलून पाहिलं. मग तो ठोकायला लागला. आणि नेमका त्याच वेळी खाली बाप पत्रा ठोकत होता. ठण ठण ठण, सगळं घर दणाणत होतं. त्यात त्या इवल्या मुठीचा आवाज कुणाला ऐकू येणार? मित्रांनो, मला हात असते तर मी ते झाकण स्वतः फोडून काढलं असतं. पण पेटीला हात नसतात.

अक्कानं सगळं घर पालथं घातलं. शेवटी वैतागून ती या खोलीत आली आणि धपकन माझ्यावर बसली. बसली म्हणूनच कळलं. कानाला नाही ऐकू आलं तिला, बुडाखाली जाणवलं. खालून कुणीतरी हळू हळू ठोकत होतं. तिनं किंकाळी फोडली, बटण दाबलं आणि झाकण उचललं. धाकटा घामानं निथळत होता, ओठ पार काळेनिळे झाले होते. बाप धावत वर आला. पोराला पोटाशी धरून तो इतका रडला की पोरगंच त्याला "बाबा, मी आहे ना" म्हणून समजावू लागलं.

त्याच संध्याकाळी बापानं माझ्या मागच्या अंगाला भोकं पाडली. लाकडातून आणि पत्र्यातूनही आरपार, एका सरळ ओळीत, बोट जाईल एवढी. खटक्याची जीभ त्यानं पकडीनं उपटून फेकून दिली. आणि घरात एक नियम केला. पेटी बंद केली किंवा पेटीवर बसायचं झालं, तर आधी दोनदा टकटक करायची आणि थांबायचं. आतून काही येत नाही अशी खात्री झाली की मगच पुढचं काम. पाहुण्यांना हसू यायचं. "पेटीत कोण राहतं हो तुमच्या?" असं ते विचारायचे. बाप टकटक केल्याशिवाय कुणाला बसू द्यायचा नाही.

धाकटा मोठा झाला, घर सोडून गेला, फार मोठा झाला. पुढं कधी या गावात आला की जिना चढून वर यायचा. बरोबर फोटोवाले, हारवाले, टोपीवाले, सगळा लवाजमा. तो त्यांना दाराशीच उभं करायचा, माझ्यावर दोनदा टकटक करायचा आणि मान खाली घालून थांबायचा. मग हळूच हात फिरवून निघून जायचा. सभेतसुद्धा त्याची हीच रीत होती म्हणे. लोकांना प्रश्न विचारायचा आणि गप्प उभा राहायचा, कुणीतरी मागच्या रांगेतून बोलेपर्यंत. लोक म्हणायचे, मोठ्या माणसाची ऐट आहे. ऐट कसली डोंबलाची! ते त्याला कुणी शिकवलं, ते मला विचारा.

मग माझे वाईट दिवस आले. म्हातारा गेला, अक्का सासरी गेली, घर भाड्यानं दिलं. भाडेकरूंनी माझ्यात कोळसा भरला, नंतर बटाटे, नंतर फाटके बूट. कुणी टकटक केली नाही. बटाट्यांसाठी कोण टकटक करतो? भोकांतून हवा मात्र खेळत राहिली, त्यामुळं एकही बटाटा सडला नाही. एवढं श्रेय तरी मला द्या!

पुढं थोरले वारले आणि मी एकदम मौल्यवान झाले. घराचं स्मारक झालं. मला घासलं, पुसलं, चकचकीत पॉलिश केलं. बारा वर्षं कोळसा खाल्लेल्या बाईला असं नटवलं तर ती फुशारेलच, मीही फुशारले. पण दुरुस्तीवाल्यांच्या साहेबांनी माझ्या पाठीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे, केवढी कीड लागलीय! बुजवा ही भोकं." अहो, कीड कधी सरळ ओळीत पोखरते? आणि पत्रा खाते? पण विचारणार कोण? मेण आणि भुसा भरून त्यांनी माझी भोकं लिंपली, वरून रंग दिला. मग त्यांना खटक्याची रिकामी खाच दिसली. "मूळ पेटीला खटका होता. तसाच बसवा, सगळं पहिल्यासारखं दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले. आणि खरंच त्यांनी सगळं पहिल्यासारखं केलं. बापानं रडत रडत जे मोडलं होतं, ते त्यांनी प्रेमानं जोडून दिलं.

वर आणखी एक यंत्र बसवलं. खोलीत कुणी हललं की भिंतीतून थोरल्यांचं भाषण सुरू व्हायचं, मोठ्या आवाजात, ढोल आणि टाळ्यांसकट. कुणी हललं नाही की थोड्या वेळानं आपोआप बंद. भाषणातल्या थांबण्याच्या जागा त्यांनी कापून टाकल्या होत्या. पाहुण्यांना कंटाळा येतो म्हणे. तिथं टाळ्या भरल्या होत्या.

आता ऐका. परवाच्या सहलीची गोष्ट.

एका शाळेची मुलं आली होती. त्यांचे सर गळ्यात शिटी अडकवून, सारखे घाईत. मुलांना त्यांनी जोड्या लावून दिल्या होत्या, हातात हात धरून चालायचं. एका मुलीची जोडीदारीण गाडी लागल्यामुळं बसमध्येच झोपून होती, म्हणून ती एकटीच लटकत चालली होती. बाकी सगळ्यांच्या जोड्या होत्या. त्यातली एक जोडी मी येताक्षणी हेरली. एक पोरगी सतत इकडून तिकडं. तिला सगळे भिंगरी म्हणत होते. तिच्या हाताला धरलेली दुसरी प्रत्येक वस्तूपुढं थांबून थांबून बघणारी. तिला वर्गानं हळूबाई नाव ठेवलं होतं. सरांनी मुद्दामच बांधली असणार ही मोट, एकीनं दुसरीला ओढावं आणि दुसरीनं पहिलीला आवरावं म्हणून.

माहिती सांगणाऱ्या बाई पुढं झाल्या. शाळेची मुलं वर असेपर्यंत यंत्र बंद ठेवायचं आणि ती खाली उतरली की पहारेकऱ्यानं दाराबाहेरच्या कळीनं ते पुन्हा चालू करायचं, अशी इथली पद्धत. आवाज गोड, आणि मीठमसाला लावण्यात हात कुणी धरणार नाही. त्यांनी एका हातानं माझं झाकण खाली दाबलं, दुसऱ्यानं बटण, आणि झाकण उघडून आतल्या रजया दाखवल्या.

"मुलांनो, हीच ती पेटी! लहानपणी थोरले या पेटीत तासन् तास बसून देशाचा विचार करायचे."

तासन् तास! देशाचा! मला बोलता येत नाही हे त्या बाईंचं नशीब.

"आणि बरं का, पुढं कधी इथं आले की या पेटीवर अशी दोनदा टकटक करायचे. शुभशकुन म्हणून!" त्यांनी झाकण लावलं, पेननं दोनदा टकटक केली आणि लगेच वळल्या. "चला, पुढच्या खोलीत त्यांची पाटी आहे."

हळूबाई जागची हलली नाही. "बाई, टकटक करून ते काय करायचे?"

"काय करायचे म्हणजे? काही नाही. जरा थांबायचे आणि जायचे."

"कशासाठी थांबायचे?"

तेवढ्यात सरांची शिटी वाजली. "चला, चला, आवरा! पाटी बघायची, अंगण बघायचं आणि बसमध्ये बसायचं. उशीर झालाय!"

सगळी मुलं बाहेर गेली. भिंगरी मात्र दाराआडून परत आली, हळूबाईला ओढतच.

"ए, मी आत बसून बघते. तू झाकण धर."

"नको गं. सर ओरडतील."

"ओरडले तर ओरडले. मीपण देशाचा विचार करते जरा."

"मग आधी बाईंना विचारू."

"तू विचारेपर्यंत आपण म्हाताऱ्या होऊ! जा तू, जा. आलेच मी."

हळूबाई दारापर्यंत गेली, वळून पाहिलं, पुन्हा शिटी ऐकली आणि गेली. भिंगरीनं बाईंसारखंच झाकण दाबून बटण सोडवलं. फारच हुशार पोरगी! पहारेकऱ्याला दिसू नये म्हणून रजया पलंगाखाली सारल्या, अगदी धाकट्यानं सारल्या होत्या तशाच. ती आत शिरली, पाय दुमडून बसली आणि एका हातानं झाकण तोलून धरलं. माझं झाकण जड आहे, मित्रांनो. तिचा हात घसरला. डोकं वाचवायला ती खाली वाकली आणि झाकण बसलं. नव्या खटक्यानं आपलं काम चोख केलं.

ती पहिल्यांदा हसली. मला तेच हसू आठवलं आणि माझ्या फळ्यांना कापरं भरलं. पाठीवरची भोकं मला आठवत होती, एकेक करून, पण ती सगळी मेणानं लिंपलेली होती. मग तिनं झाकण ढकललं. मग "ए, उघड ना, चेष्टा पुरे" म्हणाली. मग ठोकायला लागली. खोलीत चिटपाखरू नव्हतं, त्यामुळं यंत्रही गप्प होतं. शांततेत तिचं ठोकणं मला स्पष्ट ऐकू येत होतं, पण ऐकायला माणूस नव्हता.

मग माणसं आली. कुणी एक कुटुंब, आजोबा, आईबाप आणि आजोबांचं बोट धरलेला छोटा नातू. मला वाटलं, सुटलो! पण त्यांनी पाऊल टाकलं आणि यंत्र जागं झालं. ढोल, टाळ्या, आणि थोरल्यांचा खणखणीत आवाज. "ज्यांचा आवाज कुणाला ऐकू जात नाही, त्यांच्यासाठी मी उभा आहे!" आणि त्या आवाजाखाली ती पोर जिवाच्या आकांतानं ठोकत होती. धाकट्या, अरे गप्प बस ना रे! असं ओरडावंसं वाटलं मला. ज्याच्यासाठी मी अर्धं आयुष्य जीव टाकला, त्याचाच आवाज त्या दिवशी मला नकोसा झाला.

"वा, काय आवाज लावलाय," त्या छोट्याचे वडील म्हणाले. "ढोल अगदी इथंच वाजतोय असं वाटतं."

छोट्यानं माझ्यावर हात ठेवला. "आजोबा, पेटी वाजतीय."

"अरे, ते भाषणातलं आहे, राजा."

"नाही, पेटीच वाजतीय!"

दारातून पहारेकऱ्याचा आवाज आला. "ए बाळा, हात नाही लावायचा! पाटी वाचा, पाटी. 'हात लावू नये.'"

छोट्यानं हात काढून घेतला. त्याचं ऐकून घ्यायला कुणी खाली वाकलं नाही. ते सगळे गेले. आतलं ठोकणं आता पहिल्यासारखं जोरात राहिलं नव्हतं.

खाली अंगणात काय चाललं होतं, ते मला खिडकीतून ऐकू येत होतं, उरलेलं मागून कळलं. सर म्हणाले, "जोड्या वर!" मुलांनी जोडीजोडीनं धरलेले हात वर केले. सर डोकी मोजत नव्हते, जोड्या मोजत होते. रोज तसंच मोजायचे, म्हणे त्यानं काम झटपट होतं. आणि ती एकटी लटकणारी मुलगी होती ना, तिनं हळूबाईचा मोकळा हात पाहिला आणि पटकन पकडला. तिला बिचारीला जोडी मिळाली. जोड्या बरोबर भरल्या.

"सर," हळूबाईचा आवाज आला, "ही माझी जोडी नाहीये."

"आता जोडी बदलायची नाही! चढा गाडीत."

"पण सर, भिंगरी…"

"भांडणं शाळेत गेल्यावर. चढा म्हटलं ना!"

गाडीच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. बसचं इंजिन सुरू झालं. माझ्या पोटात ती पोर आता फक्त नखांनी पत्रा खरवडत होती. मित्रांनो, लाकूड मेलेलं असतं म्हणतात. मेलेलं असतं तर त्या खरवडण्यानं मी एवढी तडफडले असते का?

आणि मग अंगणातून एक किंचाळी आली. "थांबा!"

इतक्या मोठ्यानं की खिडकीच्या काचा थरथरल्या. ती हळूबाई होती. तिचा एवढा आवाज तिच्या आईनंही ऐकला नसेल. इंजिन बंद झालं. एक गलका उठला. "भिंगरी कुठंय?" "अगं, आत्ता तर होती!" "जोड्या तर भरल्या होत्या!" सरांच्या तोंडचं पाणी पळालं असणार, कारण त्यांची शिटी पुन्हा वाजली नाही.

सगळे धडाधड जिना चढून वर आले. सर, बाई, पहारेकरी आणि मागून हळूबाई. यंत्र पुन्हा गर्जायला लागलं.

"कुठं सोडलंस तिला?"

"इथंच. म्हणाली, आलेच."

सरांनी दाराआड पाहिलं, पडद्यामागं पाहिलं. बाईंनी पुढच्या खोलीत डोकावलं. माझ्याकडं कुणाची नजर गेली नाही. मी बंद होते, चकचकीत होते, आणि माझ्यासमोर 'हात लावू नये' लिहिलं होतं. मग पहारेकऱ्याचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"साहेब, मागं विहीर आहे. तिची जाळी कालच दुरुस्तीला काढलीय."

"अरे देवा!" सर ओरडले. "तू इथंच थांब गं. जागची हलू नकोस!" आणि तिघं विहिरीकडं धावले.

हळूबाई थांबली. अगदी सांगितलं तशी. मला पाठ टेकून, हात मागं घेऊन, रडू आवरत. दुसरं कुठलंही मूल असतं तर खिडकीशी धावलं असतं, येरझाऱ्या घातल्या असत्या. ही हललीच नाही. आणि मित्रांनो, खोलीत कुणी हलेना म्हणून यंत्र बंद पडलं. थोरले अर्ध्या वाक्यात गप्प झाले. एकदम सगळं शांत झालं.

पण आता आतूनही काही आवाज येत नव्हता.

हळूबाईची नजर पलंगावर होती. पलंगाखालून रजईचा निळा काठ बाहेर आला होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. बघत राहिली. तिच्या डोक्यात गोष्टी हळू शिरत असतील, पण एकदा शिरल्या की निघत नाहीत. "ती रजई तर पेटीत होती," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं मागं घेतलेल्या हातानंच, एका बोटानं, माझ्यावर टकटक केली. दोनदा. एका बोटाची हालचाल त्या यंत्राच्या खिजगणतीत नव्हती.

काहीच उत्तर आलं नाही.

आता जाईल ही, मला वाटलं. बाई टकटक करून गेल्या, दुरुस्तीवाले बोट फिरवून गेले, सगळे जातात. पण हळूबाई थांबली. श्वास रोखून, मान खाली घालून थांबली. पुष्कळ वर्षांपूर्वी एक मोठा माणूस इथं असाच थांबायचा. पोरी, उठ गं, मी आतल्या पोरीला विनवत होते. एकदाच ठोक. एवढं एकदाच. ती थांबलीय बघ!

आणि आतून एक ठोका आला. अगदी क्षीण. झाकणावर माशी बसावी एवढा. पण शांततेत तो ऐकू आला.

हळूबाई गर्रकन वळली आणि यंत्र पुन्हा गर्जलं. ढोल! टाळ्या! "सर! बाई! भिंगरी इथंय!" ती ओरडत होती, आणि भाषण तिचा आवाज गिळून टाकत होतं. सगळे विहिरीत गळ टाकण्यात गुंतले होते. कुणी येईना. तिनं बटण दाबलं. हलेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. हलेना. ती रडत रडत माझ्यावर मुठी आपटायला लागली. मग थांबली. डोळे पुसले. बाईंनी एका हातानं झाकण खाली दाबलं होतं, हे तिनं पाहिलं होतं. बाकीची मुलं रजया बघत असताना ही बाईंचे हात बघत होती. तिनं पोटासकट सगळं अंग माझ्या झाकणावर टाकलं आणि मग बटण दाबलं.

खटका सुटला. तिनं झाकणात खांदा घातला आणि ते उचललं. माझ्या आयुष्यात मी स्वतःला कधी इतकी हलकी केली नव्हती.

भिंगरी पांढरीफटक पडली होती. केस कपाळाला चिकटले होते. तिनं तोंड उघडलं आणि हवा आत ओढली, मग पुन्हा ओढली, मग खोकली, आणि मग जे भोकाड पसरलं म्हणता! तेवढा गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही. हळूबाईनं तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं आणि दोघी माझ्या पायाशी गळ्यात गळा घालून रडत बसल्या. ते रडणं कसं कोण जाणे, विहिरीपर्यंत पोचलं.

सर आले आणि दोघींजवळ खाली बसले. बाईंनी भिंगरीला पाणी पाजलं, तिच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. पहारेकऱ्यानं आधी जाऊन भिंतीतलं ते यंत्र बंद केलं. मग बाईंनी विचारलं, "तुला कसं कळलं गं, ही आत आहे ते?"

हळूबाई विचार करून म्हणाली, "बाई, ते शकुनासाठी टकटक नव्हते करत. आत कुणी आहे का ते बघायचे. म्हणून थांबायचे."

बाई माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी एक सुतार आला. त्यानं माझ्या पाठीवरचा रंग खरवडला, तेव्हा भोकांची सरळ ओळ सगळ्यांना दिसली. लाकडातून आणि पत्र्यातूनही आरपार.  मेण काढलं, खटक्याची जीभ उपटली. आता मी पुन्हा भोकांची आणि मोडक्या खटक्याची पेटी आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. बाई आता गोष्ट खरी सांगतात. 'हात लावू नये' ही पाटीसुद्धा माझ्यापुढून गेली. भाषण या खोलीत लावत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. पण जुन्या वस्तूला भोक दिसलं तर बुजवण्याआधी विचारा, हे कुणी पाडलं आणि का पाडलं. आणि कधी या घरी आलात तर वर या. माझ्यावर दोनदा टकटक करा. पण टकटक करून पळू नका, बाळांनो. थांबा. आत आता फक्त रजया असतात, मला ठाऊक आहे.

तरीही थांबा.